पर्वतीच्या पायऱ्यांपासून सिंहगडापर्यंत: गटाने व्यायाम करत चिकाटी कशी कमवावी

गेली नऊ वर्षं मी पुण्यात पहाटेच्या एका गटाबरोबर व्यायाम करते आहे. या काळात जे लोक गळाले त्यातल्या बहुतेकांची कहाणी एकसारखी होती. ताप आला, घरात लग्न निघालं, ऑफिसात कामं वाढली, आणि आठ दिवस खंड पडला. नवव्या दिवशी जायचा संकोच वाटला. 'आता सगळे पुढे गेले असतील, मला दम लागेल, लोक विचारतील.' हा संकोच दोन आठवडे टिकला की माणूस परत येत नाही. व्यायाम झेपला नाही म्हणून सोडणारे मला फार कमी भेटले.

म्हणून माझ्यापुरती चिकाटीची व्याख्या अशी आहे: खंड पडल्यावर किती लवकर परत येता. एकट्याला हे जड जातं. गट नीट बांधलेला असेल तर बरंचसं काम गटच करतो. तो कसा बांधायचा आणि त्यात सोळा आठवडे काय करायचं, ते खाली सविस्तर लिहिते. उदाहरण माझ्या ओळखीचंच घेते. सुरुवात पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्यांवर करायची आणि शेवटी गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून निघणाऱ्या पायवाटेने, मध्ये कुठेही न बसता, सिंहगड चढायचा. तुमच्या गावात पर्वती नसेल तर देवीचा डोंगर, तलावाचा बांध, चार मजली इमारतीचा जिना, काहीही चालेल. फक्त चढ हवा, आणि तो रोज तोच हवा.

गटात माणूस जोर लावतो की चोरतो?

दोन्ही करतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. ते आकडे १९१३ साली प्रसिद्ध झाले. दोरीला माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत गेला. याला थोडं कारण ताळमेळ न जमण्याचं, आणि थोडं 'एवढ्यांत माझं कोण बघतंय' या भावनेचं.

याच्या अगदी उलट गोष्ट १९२०च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला बर्लिनच्या एका रोइंग क्लबमध्ये दिसली. दोघांनी मिळून वजन उचलायचं, आणि एक थांबला की दोघांचं काम थांबणार, अशी रचना होती. त्यात जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्याने जेवढा टिकला असता त्यापेक्षा जास्त टिकला. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना हा परिणाम सगळ्यांत ठळक होता. फरक फार मोठा असला किंवा अजिबात नसला की तो ओसरायचा.

गट बांधणाऱ्याने हे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघावेत. चाळीस जणांच्या घोळक्यात संगीत लावून हातपाय हलवले तर दोरीसारखं होतं. छोटा गट, त्यात जोड्या, आणि प्रत्येकाचं येणं-न येणं कुणाच्या तरी लक्षात येणं, अशी मांडणी केली तर वजनासारखं होतं. आमच्या गटाचे पुढचे सगळे नियम यातूनच आले.

गट जमवणं

आठ ते बारा माणसं पुरेत. सहापेक्षा कमी असली की दोघांना सर्दी झाली तरी सकाळ ओस पडते. बारापेक्षा जास्त झाली की चेहरे हरवतात, तेव्हा दुसरा गट काढावा. सगळे एकाच वयाचे किंवा एकाच दमाचे नसावेत. आमच्याकडे कॉलेजात जाणारी मुलगी आहे आणि निवृत्त झालेले काकाही आहेत.

जागा अशी निवडा की बहुतेकांना घरून पंधरा मिनिटांत पोचता यावं. उत्तम मैदान तासभर लांब असेल तर ते सोडून द्या. आठवड्यातून चार दिवस: सोमवार, बुधवार, शुक्रवार पाऊण तास आणि रविवारी जरा लांबचा पल्ला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. या चार दिवसांत दोन्ही बसतं.

वेळ एकच ठेवा आणि ती हलवू नका. आमची पावणेसहाची आहे. पाच वाजून पन्नास मिनिटांनी पहिलं पाऊल पडतं, कुणी आलेलं असो वा नसो. उशिरा येणाऱ्याला रागवायचं नाही, त्याने येऊन मिसळायचं. पण वाट बघत थांबलात तर वेळेवर येणारे हळूहळू उशिरा यायला लागतात.

सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करावी असं माझं मत आहे. पाऊस सरलेला असतो, सोळा आठवडे जानेवारीअखेर संपतात आणि सगळा चढ थंडीत होतो. शिवाय दिवाळी मध्येच येते, म्हणजे पहिला खंड सगळ्यांना एकदमच पडतो. ती परतण्याची चांगली तालीम असते.

पहिल्या दिवसाआधी एक काम: चाळिशीच्या पुढचे, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असलेले, आणि चालताना छातीत जडपणा किंवा चक्कर जाणवलेले, या सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवूनच यावं. याला आमच्याकडे सवलत नाही.

जोड्या आणि वही

जोडी लावताना कोहलरचा मध्यम फरक लक्षात ठेवायचा. सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत सावकाश यांची जोडी लावली की एक कंटाळतो आणि दुसरा ओशाळतो. दर चार आठवड्यांनी जोड्या बदला, नाहीतर गटात उपगट पडतात.

जोडीदाराची जबाबदारी एवढीच: आदल्या रात्री नऊच्या आत एकमेकांना 'उद्या आहे' असं कळवायचं. येणार नसाल तर तेही जोडीदारालाच फोन करून सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आज जमणार नाही' टाकणं फार सोपं असतं. बाराजणांना सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. एका माणसाला फोनवर 'येत नाही' म्हणताना मात्र आपल्यालाच कारण तपासावं लागतं, आणि निम्म्या वेळा ते कारण तिथेच विरघळतं.

हजेरीसाठी कागदाची वही ठेवतो, दोनशे पानी. आलेल्याच्या नावापुढे टिंब, न आलेल्याची जागा कोरी. आणि चार किंवा जास्त कोऱ्या घरांनंतर जो येतो त्याच्या टिंबाभोवती लाल पेनने गोल. वर्षाच्या शेवटी आम्ही सर्वाधिक हजेरी मोजत नाही, लाल गोल मोजतो. हे मी फार मनापासून सांगते: शंभर टक्के हजेरीचं कौतुक सुरू केलंत की ज्याची हजेरी एकदा मोडली त्याच्यासाठी खेळ संपतो.

याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयी कशा लागतात यावर ९६ लोकांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. आणि अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शेजारच्या बाईला दोन महिन्यांत जमलं आणि तुम्हाला सहा महिने लागले, तरी तुमच्यात काही कमी आहे असं होत नाही.

सोळा आठवडे

*पहिला महिना* मुद्दाम हलका ठेवायचा. दहा मिनिटं सपाटीवर चालून अंग गरम करायचं, मग पर्वतीच्या दोन फेऱ्या चालत. वेग ठरवायला घड्याळ नको, बोलणं पुरे: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्दच निघत असतील तर वेग जास्त आहे. त्यानंतर कट्ट्यावर टेकून उठायच्या दहा बैठका, भिंतीला हात लावून दहा जोर, आणि चार सूर्यनमस्कार. हे दोन वेळा. शेवटी पाच मिनिटं पोटऱ्या आणि मांड्या ताणायच्या. रविवारी तळजाईच्या रानात पाऊण तास रमतगमत.

या महिन्यात लोक म्हणतात, 'एवढंच? घामही आला नाही.' येऊ नये अशीच योजना आहे. या चार आठवड्यांत शिकायचा विषय उठून येणं हा आहे. पहिल्याच आठवड्यात पाय इतके दुखले की जिना उतरता येईना, तर दुसऱ्या आठवड्यात कोण येणार?

*दुसऱ्या महिन्यात* फेऱ्या दोनच्या चार, मग पाच. आता भिंतीऐवजी कट्ट्यावर जोर, टेकायला काही न घेता बैठका, पायरीवर चढ-उतर प्रत्येक पायाने पंधरा, आणि कोपरांवर प्लँक, म्हणजे अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं, वीस सेकंद. सूर्यनमस्कार आठ. रविवारी हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी, सव्वा तास. आठव्या आठवड्यात सगळं निम्मं करायचं. हा हलका आठवडा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण शरीर सावरतं ते याच दिवसांत.

सूर्यनमस्काराच्या मोजणीची आमची एक पद्धत आहे. आकडे आळीपाळीने मोठ्याने म्हणायचे, आणि ज्याला सगळ्यांत जास्त दम लागलाय त्याच्याकडे मोजणी द्यायची. लय तो ठरवतो. त्यामुळे जो मागे पडणार होता तोच पुढे उभा राहतो, आणि बाकीच्यांचा श्वासही आपोआप खोल होतो.

*तिसरा महिना* सगळ्यांत अवघड. नवलाई संपलेली असते, सिंहगड अजून लांब असतो, डिसेंबरच्या थंडीत गोधडी सोडवत नाही. गळती इथेच होते, म्हणून इथे जास्त लक्ष द्या. सोमवारी आणि शुक्रवारी ताकदीचे व्यायाम तसेच ठेवा. बुधवारी पर्वतीवर नवा प्रकार आणा: एक फेरी झपाझप, एक फेरी अगदी सावकाश, असं सहा वेळा. जोडीतल्या दोघांनी वर एकत्रच पोचायचं. पुढचा थांबत नाही, मागचा धावत नाही, दोघं मिळून एक वेग शोधतात. हा वेग शोधणं म्हणजेच सिंहगडाची खरी तयारी. दहाव्या आठवड्यापासून पाठीवर दोन किलोची पिशवी घ्या. पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात.

याच महिन्यात पायवाटेची ओळख करून घ्यायची. अकराव्या रविवारी आतकरवाडीतून चढायला लागायचं आणि अर्ध्या तासाने, जिथे असाल तिथून, उतरायचं. वर जायचं नाही. वरून दहीवाल्यांच्या हाका ऐकू येत असताना माघारी फिरणं जिवावर येतं, पण पहिल्याच खेपेला दमछाक करून घेतलेली माणसं दुसऱ्या खेपेला येत नाहीत.

*चौथ्या महिन्यात* एक आड एक रविवारी गड. चौदाव्या आठवड्यात बसत-उठत का होईना, वर जायचं. पंधरावा हलका. सोळाव्यात न बसता.

रेटायचं कधी, थांबायचं कधी

शेवटच्या फेरीला मन 'पुरे' म्हणतं तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: काय दुखतंय? श्वास फुलला असेल, मांड्या भरून आल्या असतील, कंटाळा आला असेल, तर वेग कमी करून फेरी पुरी करा. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल, एका बाजूलाच दुखत असेल, पाऊल वाकडं पडायला लागलं असेल, तर त्या दिवसापुरतं थांबा. छातीत दाबल्यासारखं होणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर व्यायाम सगळ्यांचाच थांबतो आणि माणसाला थेट रुग्णालयात न्यायचं. 'जरा बसा, बरं वाटेल' हे वाक्य आमच्या गटात वर्ज्य आहे. कुणाकडे गाडी आहे, जवळचं रुग्णालय कोणतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं असतं.

परत येणं

चार वर्षांपूर्वी गडावरून उतरताना मी घाई केली. उतारावर पाय आपटत, जवळजवळ धावत आले. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला आणि तीन महिने चढ बंद झाला. दुखणं दीड महिन्यात गेलं होतं. उरलेला दीड महिना मी संकोचाने घरी बसले होते, हे आज सांगताना वाईट वाटतं. तेव्हाची माझी जोडीदार एका सकाळी बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली आणि फोनवर म्हणाली, "ताई, मला आज दोनच फेऱ्या मारायच्यात. चला." गुडघ्याचा विषय तिने काढला नाही, तीन महिन्यांचा तर नाहीच.

तेव्हापासून परतणाऱ्यासाठी आमचे नियम ठरले. 'कुठे होता इतके दिवस?' असं विचारायचं नाही. पहिल्या दिवशी जोडीदार त्याच्याच वेगाने चालणार. आणि तो किती करणार हे आधीच ठरलेलं, म्हणजे त्याला काही सिद्ध करायला नको. आठवडाभराचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथूनच धरा, पहिला दिवस तेवढा हलका ठेवा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर योजनेत तेवढेच आठवडे मागे जा. महिन्याहून जास्त असेल तर पहिल्या महिन्यापासून, पण चारऐवजी दोन आठवड्यांत. ताप अंगात असताना यायचंच नाही, उतरल्यावरही दोन दिवस थांबायचं. डेंग्यू किंवा शस्त्रक्रिया यांसारखं काही झालं असेल तर परतायची तारीख डॉक्टर देतील.

खंड पडायच्या आधीच त्याचं उत्तर ठरवून ठेवणं फार कामाला येतं. 'पाऊस असेल तर पावणेसहाला अमुक सोसायटीच्या जिन्यात.' 'पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर फक्त सपाटीवर चालणं, पण यायचं.' 'प्रवासात असलो तर पावणेसहाला खोलीतच सहा सूर्यनमस्कार.' जागा बदलली तरी चालेल, घड्याळाचा काटा तोच राहू द्या. अंधारात घरून एकट्या निघणाऱ्या बायकांना जोडीदाराने वाटेत घ्यावं, हेही पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. एरवी त्या काही न बोलता थांबतात आणि आपण म्हणतो, 'चिकाटी नव्हती.'

रुसवेफुगवे होतातच. त्यासाठी मला वारीतली रीत फार आवडते. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, आणि तिचं ऐकून घेतलं जातं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, साठी ओलांडलेल्या बायका दिवेघाट चढून जातात, त्यामागे श्रद्धा आहे आणि अशी चोख व्यवस्थाही आहे. आम्ही दर शुक्रवारी शेवटची पाच मिनिटं तक्रारीसाठी राखतो. कुणी फार वेगात नेतं, कुणी व्यायाम सोडून गप्पाच मारतं, असं जे असेल ते तिथेच बोलायचं, आठवडा उलटू द्यायचा नाही.

गडाचा दिवस

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. आतकरवाडीतून पायवाटेने चढ साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरचा, लांबी तीन किलोमीटरच्या आत. सरावाच्या लोकांना पाऊण तास पुरतो, आपल्याला सव्वा ते दीड तास लागला तरी चालेल. न बसता एवढीच अट आहे. उभं राहून दहा श्वास घ्यायला हरकत नाही.

उजाडायच्या थोडं आधी पायथ्याला या. उशिरा गर्दी होते, ऊन डोक्यावर येतं. बूट पकड असलेले आणि जुने, पायाला सरावलेले हवेत. त्या दिवशी नवे बूट घालू नका. माणशी एक लिटर पाणी, केळं, शेंगदाण्याची चिक्की, टॉर्च. निघण्याआधी तासभर काहीतरी हलकं खाऊन या, उपाशी पोटी चढू नका.

सगळ्यांत शेवटी एक अनुभवी माणूस ठेवा. त्याच्या मागे गटातलं कुणीही नसलं पाहिजे. वेग पहिल्या पंधरा मिनिटांत चुकतो. पायथ्याशी सगळ्यांच्याच अंगात जोर असतो, म्हणून तिथे मुद्दाम संथ चाला. पर्वतीवर बुधवारी जोडीने शोधलेला वेग आठवा. मधल्या उभ्या टप्प्यात वर बघू नका, पुढच्या माणसाच्या टाचा बघा. पुणे दरवाजा दिसला की घाई सुटते, तिथेही पाय आवरा.

वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मनसोक्त खा, पण मग अर्धा तास बसा. उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, टाच आपटायची नाही. चढताना दम लागतो, पण स्नायूंना जास्त मार बसतो तो उतरताना, कारण ताणलेल्या अवस्थेतच त्यांना शरीराचा भार रोखून धरावा लागतो. म्हणून मांड्या त्याच दिवशी फारशा दुखत नाहीत, पुढच्या एक ते तीन दिवसांत दुखतात.

म्हणजे सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. तरी पावणेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी या. त्या दिवशी एकही फेरी नाही. वीस मिनिटं सपाटीवर चालायचं, कट्ट्यावर बसून वहीचं नवं पान उघडायचं, आणि पुढच्या चार आठवड्यांच्या जोड्या पाडायच्या. रविवारी गडावर येऊ न शकलेल्या माणसाची जोडी सगळ्यांत आधी ठरवायची, आणि त्याला फोन कोण करणार ते तिथेच.